जागा मागणारे ब्लॅक स्टार्स

गडहिंग्लज म्हटले की बाहेरच्या माणसाला मिरचीचा बाजार आठवतो. गडहिंग्लजच्या माणसाला मात्र फुटबॉल आठवतो. गडहिंग्लज युनायटेड फुटबॉल असोसिएशन दिवाळीच्या सुट्टीत एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर अखिल भारतीय स्पर्धा भरवत आली आहे. त्या दिवसांत कोर्टातल्या पक्षकारांपासून चहाच्या गाड्यावरच्या पोरापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच विषय असतो. क्रिकेटने साऱ्या देशाला वेड लावले, पण या सीमेवरच्या गावाने आपला चेंडू सोडला नाही. याचा आम्हाला अभिमान आहे. म्हणूनच पुढची गोष्ट सांगताना लाजही वाटते.

काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्याच भागातल्या एका स्पर्धेला गेलो होतो. गावाचे आणि स्पर्धेचे नाव घेत नाही, कारण दोष एका गावाचा नाही. बाहेरून आलेल्या एका संघात दोन आफ्रिकन खेळाडू होते. त्यातला एक उंचापुरा बचावपटू चेंडूला भिडला की प्रेक्षकांतून ओरडा व्हायचा. काय ओरडत होते ते इथे लिहिण्यासारखे नाही. कोळशापासून सुरुवात झाली आणि माकडाच्या आवाजापर्यंत मजल गेली. तो खेळाडू एकदाच वळून बघता झाला आणि पुन्हा खेळू लागला. त्याने मान वळवली तेव्हा आम्हाला आवाज करणाऱ्यांत एक ओळखीचा चेहरा दिसला. आमच्याच वस्तीतला, रविवारी विहारात येणारा, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे झेंडा धरणारा मुलगा!

आम्ही पेशाने वकील. डोक्यात लगेच कायदा सुरू झाला. राज्यघटनेचे कलम १५ नागरिकांपुरते आहे, तो परदेशी पाहुणा त्यात बसत नाही. पण कलम १४ मध्ये बाबासाहेबांच्या मसुदा समितीने 'नागरिक' हा शब्द वापरलेला नाही, 'कोणतीही व्यक्ती' असे म्हटले आहे. म्हणजे या देशाच्या भूमीवर उभा असलेला आफ्रिकन माणूसही कायद्यापुढे आमच्याइतकाच समान. हे सगळे आम्हाला आठवले, आणि तरीही त्या दिवशी आम्ही जागेवरून उठलो नाही. हजारभर माणसांपुढे एकटा वकील काय करणार, अशी स्वतःची समजूत घातली. ज्यांच्या आजोबांना गावाने नावाने नव्हे तर जातीने हाक मारली, त्यांनीच असे गप्प बसावे?

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर त्या मुलाला बाजूला घेतले. तो म्हणाला, "वकीलसाहेब, समदी वरडत हुती, म्हणून मीबी वरडलो. आन् ती मानसं पैशावर आणल्यात. त्यांचा आन् आपला काय संबंध?"

संबंध काय, हा प्रश्न चांगला होता. त्याला आणि त्याच्या सोबत्यांना आम्ही पुढचे तीन-चार रविवार त्याचे उत्तर दिले. तेच इथे मांडत आहोत. उदाहरण घेतले ते घानाच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचे.

घाना हा पश्चिम आफ्रिकेतला देश. इंग्रजांच्या राज्यात त्याचे नाव गोल्ड कोस्ट होते. मालक ज्याच्यासाठी आला त्याचेच नाव त्याने देशाला दिले! ६ मार्च १९५७ रोजी क्वामे एन्क्रुमा यांच्या नेतृत्वाखाली देश स्वतंत्र झाला आणि झेंड्याच्या मधोमध काळा तारा आला. फुटबॉल संघाचे नावही तेच, 'ब्लॅक स्टार्स'. हा तारा आला कुठून? मार्कस गार्वी नावाच्या जमैकन काळ्या नेत्याने १९१९ मध्ये अमेरिकेत काळ्या लोकांच्या पैशातून जहाज कंपनी काढली. तिचे नाव 'ब्लॅक स्टार लाईन'. गोऱ्यांनी गुलाम म्हणून जहाजातून नेले, आता आपल्या मालकीच्या जहाजातून ये-जा करू, हा त्यामागचा विचार. कंपनी बुडाली, पण तारा राहिला. जो रंग शिवी म्हणून वापरला जात होता, तोच रंग छातीवर लावून खेळाडू मैदानात उतरले. आपल्याकडे १९७२ मध्ये 'दलित पँथर' हे नाव घेतले गेले, तेव्हा याच वाटेवरून काळ्या अमेरिकेचा शब्द आपल्या घरी आला होता.

आणखी एक धागा आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस यांना पत्र लिहिले आणि काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. ड्युबॉईस यांनी आस्थेने उत्तर पाठवले. हेच ड्युबॉईस म्हातारपणी एन्क्रुमांच्या निमंत्रणावरून घानात राहायला गेले आणि ऑगस्ट १९६३ मध्ये घानाची राजधानी अक्रा येथे वारले. याच अक्रात २०१६ मध्ये विद्यापीठाच्या आवारात गांधीजींचा पुतळा बसवला गेला आणि प्राध्यापक-विद्यार्थ्यांच्या विरोधानंतर २०१८ मध्ये तो हलवावा लागला, हे आपल्या वाचकांना आठवत असेलच. आता सांगा, संबंध नाही कसा?

खेळाकडे येऊ. १९५१ मध्ये गोल्ड कोस्टचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला तेव्हा खेळाडू अनवाणी खेळले. त्याआधी १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपल्या भारतीय संघातलेही बहुतेक जण अनवाणीच होते आणि फ्रान्सकडून २-१ असे हरले. म्हणजे सुरुवातीला दोन्ही देश एकाच पायरीवर उभे होते. पुढे काय फरक पडला, तो बघण्यासारखा आहे.

एन्क्रुमांनी फुटबॉलला करमणूक मानले नाही. आफ्रिकन माणूस राज्य चालवू शकतो का, असे जगभर विचारले जात होते. त्याचे एक उत्तर मैदानावर देता येते, हे त्यांनी ओळखले. ओहेने जान यांच्याकडे क्रीडा खात्याची सूत्रे दिली. १९६२ मध्ये रिआल माद्रिद हा युरोपातला नामांकित संघ अक्रात आला आणि ब्लॅक स्टार्सनी त्याला ३-३ असे बरोबरीत रोखले. सी. के. ग्याम्फी हा स्वतः जर्मनीत क्लबसाठी खेळून आलेला घानाचा खेळाडू, त्याच्या हाती प्रशिक्षकपद आले. गोऱ्या प्रशिक्षकाशिवाय आफ्रिकन संघ चालत नाही, असे मानण्याचा तो काळ! ग्याम्फींच्या संघाने १९६३ मध्ये पहिल्यांदाच आफ्रिकन राष्ट्र चषकात भाग घेतला आणि अक्रातल्या अंतिम सामन्यात सुदानला ३-० ने हरवून तो जिंकला. १९६५ मध्ये ट्युनिसला जाऊन, यजमान ट्युनिशियाला त्यांच्याच घरी जादा वेळेत ३-२ ने हरवून, तो राखला. बाबा यारा हा त्या पिढीतला लाडका विंगर १९६३ मध्ये रस्ता अपघातात जायबंदी झाला, पुन्हा खेळू शकला नाही आणि १९६९ मध्ये गेला. कुमासीचे मोठे स्टेडियम आज त्याच्या नावाने उभे आहे.

हे सगळे कौतुकाचेच. पण आमच्या मते घानाचे सर्वांत मोठे यश कुठल्याही चषकावर कोरलेले नाही. ते एका न खेळलेल्या स्पर्धेत आहे.

१९६६ चा विश्वचषक इंग्लंडमध्ये होणार होता. एकूण १६ संघ. 'फिफा' या जागतिक संघटनेने वाटणी अशी केली: युरोपला यजमान धरून १०, दक्षिण अमेरिकेला विजेत्या ब्राझीलसह ४, उत्तर आणि मध्य अमेरिकेला १. आणि उरलेली एकच जागा आफ्रिका, आशिया आणि ओशियाना या सगळ्यांत मिळून! आफ्रिकेतला विजेताही थेट जाणार नाही, त्याने पुन्हा आशियाच्या विजेत्याशी झुंजायचे. अर्ध्याहून अधिक जग एका खुर्चीवर बसवायचे, आणि तीही आपसात भांडून मिळवायची. ही वाटणी वाचकांना ओळखीची वाटली असेल. गावच्या पाणवठ्याची वाटणी अशीच होती.

कारण काय दिले जात होते? आफ्रिकेचा खेळ अजून त्या दर्जाचा झालेला नाही, असा एकूण सूर होता. आधी खेळ सुधारा, मग जागा मागा. वाचकहो, हे वाक्य आपण कुठे ऐकले आहे? आधी शिका, मग नोकरी मागा. आधी लायक व्हा, मग प्रतिनिधित्व मागा. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे तरुण बाबासाहेब साक्ष द्यायला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या पुढ्यात हाच युक्तिवाद होता. त्याच्याही आधी, २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी संस्थानातल्या निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, तेव्हा हाच कांगावा झाला. आमचे गडहिंग्लज त्याच कोल्हापूर संस्थानातले. शाहू महाराज लायकी तपासत बसले असते तर आमच्यापैकी कितीजण आज काळा कोट घालून कोर्टात उभे असते?

घानाचे ओहेने जान तेव्हा फिफाच्या कार्यकारिणीवर होते. त्यांनी आणि एन्क्रुमांनी हा अन्याय चव्हाट्यावर आणला. इथिओपियासह इतर देश सोबत आले. मागणी साधी होती, आफ्रिकेला हक्काची एक तरी जागा द्या. फिफा हलली नाही, तेव्हा आफ्रिकन देशांनी १९६४ मध्ये विश्वचषकावर बहिष्कार टाकला. यात त्याग कुणाचा मोठा होता, हे नीट समजून घ्या. घानाचा संघ आफ्रिकेत अव्वल होता. जगापुढे जाण्याची सर्वांत जास्त संधी त्यालाच होती. म्हणजे ज्याला एकट्याला आत घेतले गेले असते, त्यानेच सगळ्यांसाठी दार अडवून धरले. ग्याम्फींच्या त्या अख्ख्या पिढीला विश्वचषकाचे मैदान कधी दिसले नाही. वर दंडही ठोठावला गेला.

१९६६ मध्ये स्पर्धा झाली, आणि तीत सर्वाधिक ९ गोल कुणी केले? युसेबिओने. तो जन्मला मोझांबिकमध्ये आणि खेळत होता पोर्तुगालकडून, कारण मोझांबिक पोर्तुगालची वसाहत होती. आफ्रिकेचा संघ दर्जाचा नाही, पण आफ्रिकेचा माणूस आपल्या झेंड्याखाली आला की तो सर्वोत्तम! ही ती गुणवत्तेची गंमत. एन्क्रुमांचे सरकार त्याच वर्षी फेब्रुवारीत लष्करी बंडात उलथले गेले होते. पण मागणी मेली नाही. पुढच्या, म्हणजे १९७० च्या विश्वचषकापासून आफ्रिकेला तिची स्वतंत्र जागा मिळाली. ती घेऊन गेला मोरोक्को, घाना नव्हे.

जागा मिळाल्यावर लगेच चमत्कार झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. १९७४ मध्ये झैरेचा संघ युगोस्लाव्हियाकडून ९-० ने हरला आणि टवाळांना आयते कोलीत मिळाले. पण चारच वर्षांनी ट्युनिशियाने मेक्सिकोला ३-१ ने हरवले. १९८२ मध्ये अल्जेरियाने पश्चिम जर्मनीला हरवले. १९९० मध्ये कॅमेरून उपांत्यपूर्व फेरीत गेला, २००२ मध्ये सेनेगल, आणि २०२२ मध्ये मोरोक्को थेट उपांत्य फेरीत. एका जागेच्या दोन झाल्या, मग तीन, १९९८ मध्ये पाच. २०२६ च्या ४८ संघांच्या विश्वचषकात आफ्रिकेला ९ थेट जागा आहेत. आधी जागा आली, खेळ तिच्यामागून आला. झैरेच्या नऊ गोलांवरून जागा काढून घेतली असती तर हा इतिहास घडलाच नसता. राखीव जागेवरचा एक विद्यार्थी नापास झाला की सगळ्या समाजाची लायकी काढणाऱ्यांनी हा हिशेब जरूर तपासावा.

आता आपल्याकडे बघा. १९५० मध्ये ब्राझीलच्या विश्वचषकासाठी भारताला जागा मिळाली होती. पात्रता गटातले इतर देश माघारले म्हणून न खेळताच मिळाली होती. आपली संघटना गेली नाही! अनवाणी खेळू दिले नाही म्हणून गेलो नाही, ही लोकप्रिय कथा आहे, पण ती खरी मानायला आधार नाही. ऑलिम्पिकच्या पुढे विश्वचषकाची किंमत त्यांना कळली नाही, हे जास्त खरे. घानाला जागा नव्हती म्हणून तो लढला. आपल्याला ताट वाढून आले आणि आपण ते सारले. त्यानंतर भारताचा पुरुष संघ आजतागायत विश्वचषकाला पोहोचलेला नाही.

दक्षिण आफ्रिकेचाही उल्लेख केला पाहिजे. १९५७ मध्ये आफ्रिकन चषक सुरू झाला तेव्हा त्या देशाच्या वर्णवादी सरकारला गोऱ्या-काळ्यांचा मिश्र संघ मान्य नव्हता. एकतर सगळे गोरे, नाहीतर सगळे काळे. इतर आफ्रिकन देशांनी त्यांना बाहेर ठेवले. फिफाने मात्र कधी बंदी, कधी सूट असे करत १९७६ पर्यंत वेळ काढला, मग हकालपट्टी केली. वर्णभेद संपल्यावर १९९६ मध्ये मंडेलांच्या समोर त्याच देशाने, काळ्या-गोऱ्यांच्या एका संघाने, आफ्रिकन चषक जिंकला.

घानाने १९७८ मध्ये युगांडाला आणि १९८२ मध्ये लिबियाला हरवून चषकांची संख्या चारवर नेली. १९८२ ला प्रशिक्षक पुन्हा ग्याम्फीच होते. त्यानंतर आफ्रिकन चषक हाती लागलेला नाही. १९९२ मध्ये संधी होती. आबेदी पेले हा त्या काळचा आफ्रिकेचा सर्वश्रेष्ठ खेळाडू निलंबनामुळे अंतिम सामन्याला बाहेर बसला आणि आयव्हरी कोस्टने पेनल्टींवर ११-१० असे हरवले. त्याच वर्षी बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये मात्र घानाच्या तरुणांनी कांस्यपदक घेतले, ते फुटबॉलमधले आफ्रिकेचे पहिले ऑलिम्पिक पदक. २००९ मध्ये वीस वर्षांखालील विश्वचषकही ब्राझीलला हरवून जिंकला. आणि ज्या जागेसाठी १९६४ मध्ये भांडण केले, त्या मोठ्या विश्वचषकात घाना स्वतः कधी पोहोचला? २००६ मध्ये. बेचाळीस वर्षांनी! झाड लावणाऱ्याला फळ मिळत नाही, ते असे.

२०१० चा सामना मुलांना सांगताना विहारात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. विश्वचषक पहिल्यांदाच आफ्रिकेत. २ जुलै, जोहान्सबर्ग, उपांत्यपूर्व फेरी, समोर उरुग्वे. १-१ बरोबरी, जादा वेळेचे शेवटचे क्षण. घानाचा चेंडू गोलरेषेवरून आत जाणार, तोच उरुग्वेच्या सुआरेझने तो हाताने अडवला. तो गोलरक्षक नव्हे! पंचाने नियमाप्रमाणे त्याला लाल कार्ड दाखवले, घानाला पेनल्टी दिली. असामोआ ग्यानने मारलेला चेंडू वरच्या आडव्या खांबाला लागून उडाला. मग पेनल्टींवर घाना ४-२ ने हरला. कायद्याने गुन्हेगाराला शिक्षा दिली, पण ज्याचे नुकसान झाले त्याच्या पदरात काही पडले नाही. आमच्या पेशात हे रोज बघायला मिळते. मुलांना आम्ही दुसरीच गोष्ट सांगितली. खांबाला मारल्यानंतर काही मिनिटांतच, पेनल्टींच्या मालिकेत घानाकडून पहिला चेंडू लावायला तोच ग्यान पुढे आला, आणि त्याने गोल केला.

घानाची आरती ओवाळायची म्हणून हे लिहिलेले नाही. २०१४ मध्ये ब्राझीलला खेळाडूंनी थकलेल्या मानधनासाठी इतकी टोकाची भूमिका घेतली की सरकारला तीस लाख डॉलरहून अधिक रोकड विमानाने पाठवावी लागली. २०१८ मध्ये अनास नावाच्या शोधपत्रकाराने लाच घेणारे पंच कॅमेऱ्यात पकडले, खुद्द संघटनेचा अध्यक्षही पैसे घेताना दिसला आणि त्याला पद सोडावे लागले. अनासच्या पथकातल्या एका तरुण पत्रकाराची जानेवारी २०१९ मध्ये अक्रात गोळ्या घालून हत्या झाली. बाहेरच्याशी लढून मिळवलेली जागा आपलीच माणसे विकतात, तेव्हा काय होते? आपल्या चळवळीतल्या गटातटांची नावे आम्ही घेत नाही, वाचक सुज्ञ आहेत. घाना २०२५ च्या आफ्रिकन चषकाला पात्रही ठरू शकला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मात्र त्याने २०२६ च्या विश्वचषकाची पात्रता मिळवली.

शेवटच्या रविवारी मुलांना आम्ही १२ ऑक्टोबर २०१७ ची आठवण करून दिली. सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात होता, दिल्लीला भारत विरुद्ध घाना. आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, म्हणून जिल्हाभर लोक टीव्हीसमोर बसले होते. घानाने ४-० ने हरवले. "म्हंजे आपन त्यास्नी वरडत हुतो, आन् ते आपल्याला शिकवून गेल्ते," एक पोरगा म्हणाला. बाकीचे हसले. आमचा झेंडेवाला मात्र हसला नाही.

पुढच्या हंगामात त्याच भागातल्या एका मैदानावर आम्ही पुन्हा गेलो. सामना संपल्यावर बघतो तर हा मुलगा एका आफ्रिकन खेळाडूला पाण्याची बाटली देत उभा. त्याच्या मोडक्या इंग्रजीत विचारत होता, "यू घाना?" खेळाडू म्हणाला, "नो, आयव्हरी कोस्ट." पोराने क्षणभर विचार केला आणि दोन्ही हातांची बोटे दाखवून म्हणाला, "नाइंटीन नाइंटी टू, इलेव्हन-टेन!" तो खेळाडू आधी चकित झाला, मग इतक्या मोठ्याने हसला की गेटजवळची माणसे वळून बघू लागली.